स्टड फाइंडर नसताना अमेरिकन घराच्या भिंतीतले स्टड कसे शोधायचे?

आपल्याकडे भिंतीवर काही टांगायचं असेल तर जागेचा फारसा विचार करावा लागत नाही. भिंत विटांची नाहीतर सिमेंटच्या ब्लॉकची असते. ड्रिलने भोक पाडा, रॉवल प्लग ठोका, स्क्रू पिळा, झालं काम. हीच सवय घेऊन न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये राहायला गेलेला माणूस पहिल्यांदा भिंतीत ड्रिल घालतो, तेव्हा ते जोर न लावताच आत जातं. पांढरी भुकटी पडते आणि अर्ध्या इंचानंतर पुढे काहीच लागत नाही.

कारण तिथली घरातली भिंत बहुतेक वेळा पोकळ असते. लाकडाचे उभे वासे ठरावीक अंतरावर उभे करतात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना जिप्समचे बोर्ड ठोकतात. या वाशांना म्हणतात स्टड आणि बोर्डाला ड्रायवॉल. ड्रायवॉल म्हणजे दोन जाड कागदांमध्ये दाबलेलं जिप्सम. फोटोची हलकी फ्रेम ते पेलतं. टीव्ही, पुस्तकांचं शेल्फ, पितळी मूर्ती ठेवलेला देव्हारा असलं वजन मात्र स्टडमध्येच स्क्रू गेला पाहिजे, तरच टिकतं.

यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट टीव्ही नाही, कपाट आहे. ड्रॉवरचं उंच कपाट लहान मूल पायरीसारखं वापरतं आणि ते पुढे कलंडतं. अमेरिकेत अशा अपघातांमुळे २०२२ मध्ये ‘स्टर्डी ॲक्ट’ हा वेगळा कायदा करावा लागला. कपाटासोबत भिंतीला बांधायचा पट्टा मिळतो, पण त्याचा स्क्रू नुसत्या ड्रायवॉलमध्ये असेल तर मुलाचं वजन आल्यावर तो बोर्डाच्या तुकड्यासकट बाहेर येऊ शकतो. पट्टा लावल्यामुळे आपण मात्र निर्धास्त असतो.

स्टड शोधायचं यंत्र दुकानात मिळतं. पण त्याच्याशिवायही काम होतं, कारण भिंतीची रचना नेमाने केलेली असते.

१६ इंचांचं गणित

स्टड साधारणपणे एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत १६ इंचांवर, म्हणजे जवळपास ४०.६ सेंटिमीटरवर असतात. काही ठिकाणी, विशेषतः गॅरेजमध्ये किंवा आतल्या पार्टिशनमध्ये, हे अंतर २४ इंच असतं. आकडे असेच का? बोर्ड ४ फूट रुंद आणि ८ फूट लांब येतो. ४८ आणि ९६ या दोन्ही आकड्यांना १६ आणि २४ ने पूर्ण भाग जातो, म्हणून बोर्डाची कड बरोबर वाशावर येते. अमेरिकन टेपवर १६, ३२, ४८ हे आकडे वेगळ्या रंगात छापलेले दिसतात, तेही याचसाठी.

स्टडला तिथे ‘टू बाय फोर’ म्हणतात, पण प्रत्यक्षात तो दीड इंच रुंद आणि साडेतीन इंच खोल असतो. आपल्यासमोर येते ती दीड इंचाची बाजू. म्हणजे मध्यापासून पाऊण इंच इकडे किंवा पाऊण इंच तिकडे, एवढीच मोकळीक. त्यामुळे ‘स्टड इथे कुठेतरी आहे’ एवढं कळून भागत नाही, मध्य सापडावा लागतो.

ठोकून पाहणं आणि चुंबक

कुणालाही विचारा, पहिला सल्ला मिळतो तो भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करण्याचा. पोकळ जागी आवाज घुमतो, स्टडवर बद्द येतो. खरं आहे, पण एवढ्यावर विसंबू नका. भिंतीत इन्सुलेशन भरलं असेल तर सगळीकडेच आवाज दबलेला येतो. दार-खिडकीच्या कडेला दोन-दोन वासे जोडलेले असतात आणि वर आडवं लाकूड असतं, तिथे हातभर जागा भरीव वाटते. ठोकण्याने अंदाज येतो, मध्य कळत नाही.

चुंबक जास्त खरं बोलतं. ड्रायवॉल स्टडला स्क्रूने किंवा खिळ्याने बसवलेलं असतं आणि त्यांची डोकी पुट्टी आणि रंगाच्या पातळ थराखाली असतात. फ्रिजवर लावायचं पातळ चुंबक त्यासाठी कमी पडतं. जुन्या हार्ड डिस्कमधलं किंवा खेळण्यातलं ताकदवान निओडायमियम चुंबक घ्या. रंगावर ओरखडे नकोत म्हणून त्याला कागदी टेप गुंडाळा, वर दोरा बांधा आणि भिंतीला लागून लोंबकळू द्या. दोरा हळूहळू आडवा सरकवत न्या. स्क्रूच्या डोक्यावर आलं की चुंबक अडतं.

शोध कुठून सुरू करायचा, याची एक सोय आहे. बोर्ड बऱ्याचदा आडवे लावतात, म्हणजे दोन बोर्डांचा सांधा जमिनीपासून साधारण ४ फुटांवर येतो. सांध्यालगत प्रत्येक स्टडवर स्क्रू असतोच. त्या उंचीवर, वर-खाली चार बोटं जागा धरून, चुंबक फिरवलं तर लवकर यश येतं.

एक स्क्रू सापडला म्हणजे स्टड सापडला असं नाही. तो आधीच्या भाडेकरूने ठोकलेला, रंगाखाली गेलेला खिळाही असू शकतो. चुंबक त्याच जागी ठेवून सरळ वर आणि सरळ खाली न्या. एकाखाली एक तीन स्क्रू मिळाले तर ती स्टडची रेघ. तिथे पेन्सिलने खूण करा, १६ इंच मोजा आणि पुढची रेघ तिथे मिळते का पाहा. मिळाली नाही तर २४ वर पाहा. दोन रेघा आणि त्यांच्यामधलं नेमकं अंतर जुळलं की मगच पुढे जा.

चुंबक हाताशी नसेल तर रात्री खोली अंधारी करून मोबाईलचा टॉर्च भिंतीला अगदी चिकटवून तिरपा धरा. स्क्रू जिथे पुट्टीने बुजवले तिथले बारीक खळगे किंवा फुगवटे सावलीत दिसतात. भिंतीच्या तळाशी जी लाकडी पट्टी असते, तिचे खिळेही स्टडमध्येच मारायची पद्धत आहे, त्यामुळे रंगाखालच्या त्या खुणाही उपयोगी पडतात.

स्विचबोर्डाची साक्ष

स्विच किंवा प्लगचा डबा सहसा स्टडच्या एका बाजूला खिळलेला असतो. त्याच्या दोन्ही कडांना ठोकून पाहिलं तर कोणत्या बाजूला लाकूड आहे याचा अंदाज येतो. त्या कडेपासून पाऊण इंचावर स्टडचा मध्य. फक्त मागाहून बसवलेले डबे स्टडला न लावता नुसत्या ड्रायवॉलला अडकवलेले असतात, तेव्हा इथेही चुंबकाने पडताळा घ्याच. झाकण काढून बघायचं असेल तर आधी ब्रेकर बंद करा, त्या प्लगवरचा दिवा खरंच विझलाय हे पाहा आणि आत काहीही खुपसू नका.

आता खात्री

मोठं भोक पाडण्याआधी बारीक खिळा ठोकून बघा. टीव्हीच्या ब्रॅकेटमागे किंवा कपाटामागे झाकली जाईल अशीच जागा निवडा. अर्ध्या इंचानंतर खिळा एकदम सैल झाला तर मागे पोकळी आहे. तसाच विरोध करत राहिला तर लाकूड. मग पाव-पाव इंचावर डावीकडे आणि उजवीकडे टोचून दोन्ही कडा शोधा आणि त्यांच्या बरोबर मध्ये खूण करा. त्यानंतर बारीक बिटने भोक पाडताना बाहेर काय येतंय ते पाहा: आधी पांढरी भुकटी, मग लाकडाचा भुसा. भुसा आला नाही तर ती जागा सोडा.

हा मध्याचा आग्रह फक्त मजबुतीसाठी नाही. भिंतीतल्या उभ्या वायर स्टडच्या बाजूला क्लिपने बसवतात. म्हणजे स्टड अर्ध्या इंचाने हुकवून पुढे गेलेला लांब स्क्रू नेमका वायर असते तिथेच जाऊ शकतो. आडव्या वायर स्टडला भोकं पाडून नेतात. त्या स्टडच्या कडेपासून सव्वा इंच आत असाव्यात, नाहीतर त्यांच्यापुढे पोलादी पट्टी लावावी असा तिथला नियम आहे. म्हणून गरजेपेक्षा लांब स्क्रू वापरू नका, आणि स्विच किंवा प्लगच्या सरळ वर, सरळ खाली आणि त्याच उंचीच्या आडव्या रेषेत शक्यतो भोक पाडू नका. स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या भिंतीत पाण्याचे पाइपही असतात. चुंबक एखाद्या जागी बोटभर रुंद पट्ट्यावर घट्ट चिकटत असेल किंवा ड्रिलला धातू लागला, तर लगेच थांबा. ती पोलादी पट्टी मागे वायर किंवा पाइप आहे म्हणूनच लावलेली असते. जास्त जोर लावून ती पार करणं म्हणजे नसतं संकट.

जिथे हे चालत नाही

दुसऱ्या महायुद्धाआधीच्या घरांत ड्रायवॉलऐवजी लाकडी पट्ट्यांवर केलेला प्लास्टर असतो. तिथे ठोकून काहीच कळत नाही. चुंबकाला मात्र पट्ट्यांचे खिळे सापडतात, आणि त्यांची उभी ओळ म्हणजेच स्टड. जाळीवर प्लास्टर असेल तर चुंबक सगळीकडेच चिकटतं आणि निरुपयोगी ठरतं. उंच इमारतींतल्या फ्लॅटमध्ये स्टड पातळ पत्र्याचे असतात. चुंबक तिथे वरपासून खालपर्यंत एका रेघेत धरतं, पण त्या पत्र्यात लाकडाचा स्क्रू पकड घेत नाही. त्यासाठी मागे पंख उघडणारे टॉगल बोल्ट वापरतात, आणि जड टीव्ही असेल तर जाणकाराला बोलवावं. पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत आणि काही फ्लॅटांत जिप्सम बोर्डाची पार्टिशन असतात, ती याच जातीची. आतले जीआय चॅनल बहुधा २ फुटांवर असतात.

हवी त्या जागी स्टड नसेल तर टीव्हीच्या बाबतीत साधा उपाय म्हणजे पाऊण इंची प्लायवुडची फळी दोन स्टडवर आडवी बसवायची आणि ब्रॅकेट त्या फळीवर हवं तिथे सरकवून लावायचं. चाचणीची भोकं पुट्टीने बुजवून, वाळल्यावर पॉलिश पेपर मारून रंगाचा हात दिला की दिसत नाहीत. भाड्याच्या घरात असाल तर भोकं पाडण्याआधी करारात त्याबद्दल काय लिहिलंय ते वाचून घ्या.