पिकअपच्या दिव्यांमागची काळी डबी : रिलेचा इतिहास

१/ पिकअप ट्रकला जादा एलईडी दिवे बसवताना बॅटरी आणि दिवे यांच्यामध्ये एक लहानशी काळी डबी जोडली जाते. तिला ‘रिले’ म्हणतात. स्विच दाबताच तिच्यातून ‘टक्’ असा आवाज येतो. या आवाजाचा इतिहास मोटारगाडीच्या जन्मापूर्वी सुमारे ५० वर्षे सुरू होतो. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/ १८२५ साली इंग्लंडमधील पीटर बार्लो यांनी प्रयोगांती निष्कर्ष काढला, की तार लांबत गेली की विजेचा प्रभाव झपाट्याने क्षीण होतो. सबब विजेने दूरवर संदेश धाडणे अव्यवहार्य आहे.

३/ अमेरिकेतील ऑल्बनी येथील शिक्षक जोसेफ हेन्री यांनी हे मत स्वीकारले नाही. रेशमाने वेष्टिलेल्या तारेचे अनेक थर गुंडाळून त्यांनी प्रभावी विद्युतचुंबक तयार केले आणि १८३१च्या सुमारास मैलाहून लांब तारेच्या टोकाला असलेली घंटा वाजवून दाखवली.

४/ पुढे प्रिन्स्टन येथे १८३५च्या सुमारास त्यांनी आणखी एक युक्ती केली. दुरून येणाऱ्या क्षीण प्रवाहाने जड काम करायचे नाही. त्याने केवळ एक हलकी पट्टी हलवायची. ती पट्टी दुसऱ्या, स्वतंत्र बॅटरीच्या मंडलाला तोडते वा जोडते. मोठ्या चुंबकाने पेललेले शेकडो पौंडांचे वजन ते अशा रीतीने विद्यार्थ्यांसमोर खाली पाडत. हाच रिले!

५/ हेन्री यांनी पेटंट घेतले नाही. सॅम्युएल मोर्स यांचे सहकारी लिओनार्ड गेल यांना हेन्रींचे लेखन ठाऊक होते. त्या ज्ञानाचा मोर्स यांना मोठा लाभ झाला. २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टन ते बाल्टिमोर तार गेली आणि कीर्ती मोर्स यांच्या वाट्याला आली.

६/ पुढे १८५५ साली मोर्स यांनी हेन्रींचे ऋण जाहीरपणे नाकारले. हेन्री तेव्हा स्मिथसोनियन संस्थेचे सचिव होते. संस्थेच्या विश्वस्तांनी चौकशी करून १८५७ साली त्यांची बाजू उचलून धरली. तरीही शाळकरी पुस्तकांत नाव राहिले ते मोर्स यांचेच.

७/ आता पुन्हा ट्रककडे वळू. ५५ वॉटचे दोन हॅलोजन दिवे १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर प्रवाह ओढतात. एवढा प्रवाह डॅशबोर्डवरच्या नाजूक स्विचमधून आणि बारीक तारेतून नेला, तर तार तापते, आवरण वितळते, प्रसंगी गाडी पेट घेते. म्हणून स्विच केवळ रिलेच्या वेटोळ्याला (टोके ८५ व ८६) क्षीण प्रवाह देतो. जाड तार बॅटरीकडून फ्यूजमार्गे टोक ३० वर येते आणि ८७ वरून दिव्यांकडे जाते. हे क्रमांक जर्मन मानकातले. जगभरच्या गॅरेजांत ते रूढ झाले आहेत.

८/ १९९३ साली शुजी नाकामुरा यांनी प्रखर निळा एलईडी सिद्ध केला. त्यातून पांढरा एलईडी आला. २०१४चे भौतिकीचे नोबेल त्यांना अकासाकी व अमानो यांच्यासह मिळाले. एलईडी कमी वीज घेतो, त्यामुळे लहान दिव्यांना साधा स्विचही पुरतो. मात्र लांबलचक लाइटबारना रिले हवाच. फ्यूज तर नेहमीच हवा, आणि तोही बॅटरीलगत. कारण फ्यूजच्या अलीकडच्या तारेला कसलेच संरक्षण नसते.

९/ रिलेच्या वेटोळ्याला अप्परच्या तारेवरून संकेत दिला, तर डिपर मारताच जादा दिवेही विझतात. घाटातल्या वळणावर समोरच्या चालकाचे डोळे दिपत नाहीत. दोन जीव वाचवणारी ही जोडणी हेन्रींच्या त्या हलक्या पट्टीवरच चालते.

१०/ भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तिच्या पोटातला रिले मात्र अजून रस्त्यावर धावतो आहे. पुढच्या वेळी तो ‘टक्’ ऐकू आला, तर जोसेफ हेन्री यांचे स्मरण अवश्य करा.