आईवडिलांच्या जागेवरील नवे घर : शहागंजच्या संदर्भात वास्तू, वारसा आणि कायदा यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

घर बांधणे ही मानवी जीवनातील एक महत्त्वाची घटना आहे. मराठी समाजात 'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण रूढ आहे. या म्हणीमध्ये खर्चाची व दगदगीची जाणीव आहे; परंतु घर कोणाच्या जागेवर बांधावयाचे हा प्रश्न त्यात नाही, कारण तो पूर्वी फारसा उपस्थितच होत नसे. वडिलोपार्जित वाड्यातच पुढची पिढी वाढे आणि गरजेप्रमाणे एखादा खण वाढविला जाई. आज मात्र जुन्या शहरातील घर पाडून त्याच जागेवर नवे घर बांधण्याचा विचार अनेक कुटुंबांत होत आहे. जागा आईवडिलांच्या नावावर, पैसा मुलाचा किंवा मुलीचा, कर्ज बँकेचे आणि परवानगी महानगरपालिकेची अशी ही गुंतागुंतीची रचना आहे.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील शहागंज हा परिसर या प्रश्नाच्या अभ्यासासाठी उपयुक्त आहे. मुघल व निजामी काळाचा वारसा, हिंदू व मुस्लिम कुटुंबांची जुनी वस्ती, बाजारपेठ आणि दाट लोकवस्ती या चारही गोष्टी येथे एकत्र आढळतात. जुन्या घराची वाटणी घर बांधून झाल्यानंतरही करता येत असे. नव्या घराची वाटणी मात्र नकाशा काढण्यापूर्वीच ठरवावी लागते, हे मत प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) शहागंज परिसराची ऐतिहासिक जडणघडण थोडक्यात पाहणे.
२) पारंपरिक घराची रचना व कुटुंबातील वाटणी यांचा संबंध स्पष्ट करणे.
३) १९५६ नंतरच्या वारसा कायद्यातील बदलांचा राहत्या घरावर झालेला परिणाम तपासणे.
४) आईवडिलांच्या जागेवर घर बांधताना त्यांच्या व मुलींच्या हक्कांचा विचार मांडणे.

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

शहागंजची ऐतिहासिक पार्श्वभूमी

मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी येथे नगर वसविले. १६२६ मध्ये त्याचा पुत्र फतेहखान याने त्यास फतेहनगर हे नाव दिले. १६५३ मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार झाला आणि शहरास औरंगाबाद हे नाव मिळाले. पुढे १६८२ च्या सुमारास शहराभोवती तट उभारण्यात आला. जयसिंगपुरा, जसवंतपुरा, करणपुरा अशी पुऱ्यांची नावे मुघल सैन्यातील सरदारांची आठवण करून देतात. सरदारांच्या छावण्यांभोवती वस्ती वाढली व त्या वस्तीतून मोहल्ले निर्माण झाले.

'गंज' या फारसी शब्दाचा एक अर्थ बाजारपेठ असा आहे. शहागंज ही तटाच्या आतील मोठी बाजारपेठ होय. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे मोठा हौद व मशीद उभी राहिली. निजामकालीन घड्याळ मनोरा आजही या चौकाची ओळख आहे. मलिक अंबरच्या काळातील नहर-ए-अंबरी या जलव्यवस्थेने शहराच्या घरबांधणीवर खोल परिणाम केला. डोंगरउतारावरील पाणी भूमिगत नळांतून केवळ उताराच्या बळावर शहरात येई व हौदांत साठे. पाणी जेथे पोहोचे तेथे वस्ती दाट होई.

१७६३ मध्ये निजामाची राजधानी हैदराबादला गेली आणि शहराचे राजकीय महत्त्व घटले. दरबारी वैभव ओसरले, तरी बाजार टिकला. खाली दुकान, मागे किंवा वर राहते घर, ही रचना शहागंजसारख्या बाजारपेठेत रुजली. आजही येथे नवे घर बांधताना केवळ कुटुंबाचा विचार करून भागत नाही. दुकानातील जुन्या भाडेकरूचाही विचार करावा लागतो. मराठवाड्यात १९५४ चा हैदराबाद घरभाडे नियंत्रण कायदा लागू होता. ३१ मार्च २००० पासून त्याची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने घेतली. इमारत पाडून नवी बांधणे हे जागा परत मिळविण्याचे कारण या कायद्याने मान्य केले आहे. परंतु नकाशे तयार आहेत व पुरेसा पैसा हाताशी आहे याची खात्री न्यायालयास पटवावी लागते.

पारंपरिक घर : खणांचा हिशोब

मराठवाड्यातील जुने घर माळवदाचे असे. जाड भिंती, सागवानी खांब, त्यांवर तुळया आणि तुळयांवर माती अशी त्याची रचना होती. संपन्न कुटुंबांचे वाडे चौसोपी असत. देवडी, चौक, ओसरी, माजघर, स्वयंपाकघर व परस असा त्यांचा क्रम असे. मुस्लिम कुटुंबांच्या हवेल्यांत दिवाणखाना, दालान, सहन आणि जनानखाना अशी विभागणी आढळते. नावे वेगळी असली तरी मध्यभागी मोकळी जागा व तिच्याभोवती खोल्या हे तत्त्व समान होते.

या घराचे माप 'खण' हे होते. दोन खांबांमधील जागा म्हणजे एक खण. 'पाच खणांचे माळवद' असे म्हटले की घराचा आकार ऐकणाऱ्यास समजत असे. खण हे बांधकामाचे माप तर होतेच, पण वाटणीचेही माप होते. भावाभावांत वाटणी झाली की कोणाकडे किती खण आले हे सांगता येई. मध्ये एक भिंत घातली, स्वतंत्र चूल मांडली की नवे घर तयार होई. चौक, विहीर व देवडी मात्र सामाईक राही. जुने घर विभागता येत होते, कारण ते मुळातच सुट्या भागांचे बनलेले होते.

सिमेंट काँक्रीटच्या घराने हे गणित बदलले. आज घराचे माप चौरस फुटांत सांगितले जाते. पाया, स्तंभ, तुळया व छत हे सर्व एकसंध असते. अशा घराचा अर्धा भाग एका भावाने पाडून दुसऱ्याने ठेवावा, हे शक्य नसते. वाटणी करावयाची झाल्यास ती मजल्यांचीच करावी लागते आणि त्यासाठी जिना, पाण्याची टाकी, वीजजोडणी व गच्ची यांचा विचार नकाशातच व्हावा लागतो. बांधून झालेल्या घरात स्वतंत्र जिना नंतर बसविणे खर्चाचे असते. अनेकदा जागेअभावी ते शक्यही होत नाही.

वारसा कायदा आणि राहते घर

हिंदू वारशाचा मुख्य आधार असलेली मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वराने कल्याणी येथे लिहिली. कल्याणी म्हणजे मराठवाड्याच्या शेजारच्या बिदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण होय. या परंपरेनुसार वडिलोपार्जित मिळकतीत मुलास जन्मतःच हक्क मिळे. मुलीला असा हक्क नव्हता. मुस्लिम कायद्यात जन्माने हक्क मिळत नाही. वडील हयात असेपर्यंत मिळकत पूर्णपणे त्यांची असते. मात्र त्यांच्या निधनानंतर मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा ठरलेलाच असतो. शहागंजमध्ये एकाच गल्लीतील दोन घरांत वारशाच्या या दोन वेगळ्या कल्पना शतकानुशतके शेजारी नांदल्या.

हिंदू वारसा अधिनियम १७ जून १९५६ रोजी अमलात आला. त्या दिवशी मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला. या कायद्याने वडील मृत्युपत्र न करता वारल्यास मुलीला त्यांच्या मिळकतीत वारस म्हणून मान्यता दिली. परंतु राहत्या घराबाबत एक अपवाद ठेवला. कलम २३ नुसार, कुटुंबीयांच्या पूर्ण ताब्यातील राहत्या घराची वाटणी पुरुष वारसांनी ठरविल्याशिवाय स्त्री वारसास मागता येत नव्हती. अविवाहित, विधवा किंवा पतीपासून विभक्त झालेल्या मुलीस तेथे राहण्याचा हक्क होता. पतीसोबत नांदणाऱ्या मुलीस तोही नव्हता. शेतात हिस्सा असलेली मुलगी माहेरच्या घरात पाहुणीच राहिली.

महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना सहदायाद म्हणून हक्क दिला. मात्र त्यापूर्वी विवाह झालेल्या मुलींना वगळले. ९ सप्टेंबर २००५ रोजी केंद्रीय दुरुस्ती लागू झाली. तिने मुलीला मुलाप्रमाणेच जन्मतः हक्क दिला आणि कलम २३ पूर्णपणे वगळले. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले की, या हक्कासाठी २००५ मध्ये वडील हयात असणे आवश्यक नाही. वडिलोपार्जित घर पाडण्यापूर्वी बहिणींची संमती घेणे हा आता केवळ सौजन्याचा भाग राहिलेला नाही.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. वडिलांनी स्वकष्टार्जित पैशातून घेतलेल्या जागेवर त्यांच्या हयातीत मुलगा किंवा मुलगी कोणाचाच हक्क नसतो. वडिलांना ती त्यांच्या वडिलांकडून १९५६ च्या कायद्याच्या कलम ८ नुसार मिळाली असेल, तर तीही त्यांची व्यक्तिगत मिळकत ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने चंदर सेन खटल्यात १९८६ मध्ये मानले. म्हणजेच 'आजोबांची जागा' आणि कायद्याच्या अर्थाने 'वडिलोपार्जित जागा' या दोन्ही गोष्टी दरवेळी एकच असतील असे नाही.

आईवडिलांचे स्थान

नव्या घराच्या नियोजनात सर्वात दुर्लक्षित राहणारा घटक म्हणजे स्वतः आईवडील होत. मुलगा कर्ज काढतो तेव्हा बँक जमीन व इमारत दोन्ही गहाण घेते. जमीन आईवडिलांची असल्याने त्यांनाही कागदांवर सह्या कराव्या लागतात. मुलाचे हप्ते थकले तर आईवडिलांचे छप्पर धोक्यात येते. यातून मार्ग म्हणून अनेकदा आधीच बक्षीसपत्र करून जागा मुलाच्या नावे केली जाते. ते नोंदणीकृत झाल्यावर आईवडील स्वतःच्या घरात मुलाच्या परवानगीने राहणारे ठरतात.

आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या पालनपोषणाविषयीचा २००७ चा कायदा या संदर्भात महत्त्वाचा आहे. योगायोग असा की त्याचेही कलम २३ च घराशी निगडित आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न झाल्यास, न्यायाधिकरणाकडून परत मिळविण्याची तरतूद त्यात आहे. अशी अट असल्याचे सिद्ध व्हावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने सुदेश छिकारा खटल्यात २०२२ मध्ये म्हटले. २०२५ मधील उर्मिला दीक्षित खटल्यात कायद्याचा उदार अर्थ लावून आईला मिळकत परत देण्यात आली. अट बक्षीसपत्रातच स्पष्ट लिहिणे हाच यातील सुरक्षित मार्ग होय. १९५६ च्या कलम २३ ने मुलीला घराबाहेर ठेवले होते, तर २००७ च्या कलम २३ ने आईवडिलांना घरात परत येण्याची वाट ठेवली. अर्धशतकात राहत्या घराकडे पाहण्याची दृष्टी कशी बदलली हे यावरून स्पष्ट होते.

कागदपत्रे व नियोजन

जुन्या शहरातील जागेचे मूळ कागद बरेचदा उर्दूत व फसली सनात असतात. फसली सनात साधारणपणे ५९० मिळविल्यास इसवी सन येतो. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८ चे वर्ष होय. बैनामा, हिबानामा, तकसीमनामा हे शब्द वाचता येणारी पिढी कमी होत असल्याने या कागदांचे मराठी भाषांतर करून ठेवणे आवश्यक आहे. त्यानंतर मालमत्ता पत्रकावरील नावे, वारसनोंद व प्रत्यक्ष मोजणी यांचा मेळ घालावा लागतो. दाट वस्तीत भिंत सामाईक असते. आपले घर पाडताना शेजाऱ्याची भिंत उघडी पडते. म्हणून शेजाऱ्याशी लेखी समजूत करणे हिताचे ठरते.

औरंगाबाद महानगरपालिका ८ डिसेंबर १९८२ रोजी अस्तित्वात आली. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतांश भागात एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे व तिच्यात दाट वस्तीच्या क्षेत्रासाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. बांधकाम परवाना जागेच्या मालकाच्या नावे मिळतो. परवाना, जोते तपासणी आणि भोगवटा प्रमाणपत्र हे टप्पे पार पडल्याशिवाय घर कायद्याच्या दृष्टीने पूर्ण होत नाही.

निष्कर्ष

१) शहागंजमधील जुने घर खणांचे असल्यामुळे त्याची वाटणी कुटुंबाच्या सोयीने नंतरही होऊ शकत होती.
२) काँक्रीटच्या एकसंध घरात वाटणीचा निर्णय नकाशापूर्वी घ्यावा लागतो.
३) २००५ नंतर वडिलोपार्जित राहत्या घरात मुलगी समान हिस्सेदार आहे. तिला वगळून आखलेले घर भावी दाव्याचे कारण ठरू शकते.
४) आईवडिलांच्या जागेवर घर बांधताना जमीन त्यांच्या नावे ठेवणे, किंवा ती देताना तहहयात निवासाची व सांभाळाची अट लिहिणे, हे त्यांच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे.

जुन्या वाड्यात वृद्धांची जागा ओसरीवर ठरलेली असे. ती कोणी कागदावर लिहून दिलेली नव्हती. घराच्या रचनेतच ती होती. नव्या घरात ओसरी नाही. म्हणून तळमजल्यावरील एक खोली, तिला लागून न्हाणीघर आणि दस्तऐवजातील एक स्पष्ट ओळ एवढी तरतूद नकाशा मंजुरीस पाठविण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने करावी, असे या अभ्यासाच्या आधारे सुचवावेसे वाटते.