निलंगा परिसरातील जुनी नगरे आणि त्यांच्या यात्रा

मांजरा व तेरणा या नद्यांच्या खोऱ्यांत आणि त्यांच्या लगतच्या पठारावर निलंगा, औसा, उदगीर व कंधार ही जुनी नगरे आहेत. त्यांचा इतिहास आजवर मुख्यत्वे किल्ले, शिलालेख आणि तहनामे यांच्या आधारे मांडला गेला. ही साधने मोलाची असली तरी ती राज्यकर्त्यांविषयी अधिक आणि नगरवासीयांविषयी कमी बोलतात. ही उणीव यात्रा व उरूस या साधनांनी पुष्कळ अंशी भरून निघते.

राज्यकर्त्यांचा क्रम येथे वरचेवर पालटला. निलंग्याचे तीन गाभाऱ्यांचे नीलकंठेश्वर मंदिर उत्तर चालुक्य शैलीचे आहे, तर कंधार ही राष्ट्रकूटकालीन नगरी होय. बहमनी सत्तेनंतर हा प्रदेश दख्खनी सुलतानांकडे गेला आणि १६३६ मध्ये औसा व उदगीर हे दोन्ही किल्ले मोगलांनी घेतले. पुढे १७६० मध्ये उदगीर येथे सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला व तहात सुमारे साठ लक्षांचा मुलूख मिळविला. १९४८ मध्ये निजामी राजवट संपुष्टात आली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत निलंगा, उदगीर व अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातून निघून उस्मानाबादला जोडले गेले, आणि १९८२ पासून ते नव्या लातूर जिल्ह्यात आले.

लोकजीवनाचे केंद्र मात्र या सीमांनी ठरलेले दिसत नाही. नांदेड-लातूर मार्गावरील माळेगाव हे याचे उत्तम उदाहरण. तेथे ना किल्ला, ना राजधानीची परंपरा. तरीही मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून भरणारी खंडोबाची यात्रा दूरदूरचे लोक एकत्र आणते. घोडे, गाढवे, उंट व बैल यांचा बाजार, भटक्या जमातींच्या जातपंचायती, वाघ्या-मुरळी आणि तमाशाचे फड या सर्वांचा तेथे मेळ पडतो. ज्यांना स्थिर गाव नव्हते, त्यांचे सोयरीकसंबंध व तंटे तेथेच मार्गी लागत. दफ्तरांत ज्यांची नोंद क्वचितच सापडते, अशा समाजांचा इतिहास या बाजारात शोधावा लागतो. जवळच्या कंधारला किल्ल्यातील शिबंदी केव्हाच उठली. हाजी सैया यांच्या दर्ग्याचा उरूस मात्र अद्याप भरतो.

दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाचे कुस्को नगर या संदर्भात विचारात घेण्यासारखे आहे. १५३३ मध्ये स्पॅनिशांनी ते जिंकले आणि इंकांच्या सूर्यमंदिराच्या भिंतींवर सांतो दोमिंगो मठ उभारला. १९५० च्या भूकंपात मठाची पडझड होऊन त्या प्राचीन भिंती उघड्या पडल्या. दगड असे पुन्हा प्रकट होतात. उत्सवाचे तसे नसते. ‘इंती रायमी’ हा बंद पडलेला सूर्योत्सव १९४४ मध्ये पुन्हा सुरू करता आला, तो इंका मातेचा पुत्र गार्सिलासो दे ला वेगा याने त्याचे वर्णन लिहून ठेवले होते म्हणून.

निलंगा व औसा तालुक्यांना या गोष्टीचे महत्त्व विशेष आहे. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे मृत्युमुखी पडली आणि बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. नव्या गावठाणात घरे सरळ रेषेत उभी राहिली. परंतु पालखी कोणत्या वेशीतून निघे, कोणाच्या दारी थांबे, पहिला मान कोणाचा असे, हा क्रम जुन्या गल्ल्यांशी बांधलेला होता. त्या गल्ल्याच उरल्या नाहीत. तो क्रम आता केवळ वृद्धांच्या स्मरणात असू शकतो.

म्हणून मंदिराच्या मापांइतकीच यात्रेतील मानकरी, मुक्काम, बाजार आणि वाटा यांची तपशीलवार नोंद हे या प्रदेशाच्या इतिहाससंशोधनाचे तातडीचे कार्य ठरते. शिलालेखाचा ठसा दहा वर्षांनीही घेता येईल. स्मरणाला तेवढा अवधी नाही.