स्टेअरिंग हलकं झालं, पण कोणासाठी?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना जे जरा इकडेतिकडे झालं होतं ते थोडं सरळ केलंय, बाकी तसंच आहे.

या भागाची सुरुवात एका श्रोत्याच्या मेसेजवरून झाली. पठ्ठ्या गुलमर्गला जाऊन स्नोमोबाइल चालवून आला. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, पुढे दोन स्की, मागे रणगाड्यासारखा फिरणारा पट्टा आणि बाइकसारखं हँडल, अशी ही बर्फावरची गाडी. घरी आल्यावर त्याने यूट्यूबवर पाहिलं की अमेरिका-कॅनडातले लोक एका गोष्टीवरून तावातावाने भांडतायत. जंगलातल्या आखलेल्या वाटांवर चालवायच्या स्नोमोबाइलला पॉवर स्टेअरिंग खरंच लागतं का? आणि दर वर्षी नवं मॉडेल येतं त्यात दम असतो, की नुसते स्टिकर बदलतात? त्याने मला विचारलं, "दादा, आपल्याकडे असा वाद कधी झालाय का?"

झालाय की! बर्फ नव्हता, बाकी सगळं होतं.

मी राहतो जांब्यात. मुळशी तालुक्यात, हिंजवडी-मारुंजीच्या मागच्या अंगाला. पिंपरी-चिंचवड महापालिकेत घ्यायच्या गावांच्या प्रस्तावात ज्याचं नाव येत राहतं, ते हे गाव. सकाळी ऑफिसला निघालं की एकाच रस्त्यावर जेसीबी, वाळूचा डंपर, ट्रॅक्टर, कंपनीची बस, पीएमपीची बस आणि कोणाची तरी नवी कोरी एसयूव्ही अशी सगळी मंडळी एकमेकांना घासून जात असतात. प्रत्येकाच्या हातात गोल स्टेअरिंगच असतं. पण प्रत्येकाच्या हातावर येणारं वजन वेगळं, आणि ते वजन कमी कधी झालं याचा इतिहास तर फारच वेगळा.

आधी थोडं विज्ञान, दोन मिनिटांत उरकतो. गाडी उभी असताना स्टेअरिंग सगळ्यात जड लागतं, कारण टायर रस्त्यावर जागच्या जागी घासत फिरवावा लागतो. पुढच्या चाकांवर जितकं वजन आणि टायर जितका रुंद, तितका जोर जास्त. यावरचा जुना उपाय साधा होता. स्टेअरिंगचा घेर मोठा करायचा आणि आतल्या गिअरचं प्रमाण असं ठेवायचं की हात खूप फिरवावे लागतील पण जोर कमी लागेल. म्हणून जुन्या बस-ट्रकचं स्टेअरिंग पराती एवढं असायचं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकाला न्यायला पाच-सहा फेरे लागायचे. फुकट काहीच मिळत नाही. जोर वाचवला की फेरे वाढतात. पॉवर स्टेअरिंगने पहिल्यांदा हा सौदा मोडला. जोर इंजिनकडून किंवा मोटरकडून घ्यायचा, माणसाने फक्त दिशा सांगायची.

हे डोकं लढवलं फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने. तो पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागात होता. हे महत्त्वाचं आहे बरं का, ट्रक विभागात. म्हणजे प्रश्न त्याला दिसला तो अवजड गाड्या चालवणाऱ्यांच्या हातात. नोकरी सोडून त्याने तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा बनवली आणि १९२६ मध्ये एका पिअर्स-ॲरो गाडीवर बसवून दाखवली. जनरल मोटर्सने रस घेतला, काम सुरू झालं, आणि मग आली महामंदी. १९३४ मध्ये कंपनीने हिशोब केला की खर्च जास्त, विक्री कमी, आणि प्रकल्प बंद. आपल्या भाषेत सांगायचं तर फीचर तयार होतं, प्रॉडक्ट मॅनेजरने बॅकलॉगमध्ये ढकललं. पुढे दुसऱ्या महायुद्धात चिलखती गाड्यांना ते लागलं, कारण तिथे गाडी वळलीच नाही तर हिशोब करायला कोणी उरत नाही. सामान्य गिऱ्हाइकाला विकायच्या मोटारीत ते आलं १९५१ मध्ये, क्रायसलर इम्पीरियलमध्ये. तोवर डेव्हिसच्या मूळ पेटंटची मुदत संपली होती. ट्रकवाल्यांसाठी सुचलेली गोष्ट शेवटी विकली गेली आलिशान मोटारवाल्यांना.

आता आपल्याकडे. मुंबईची प्रीमियर पद्मिनी आठवा. कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची, काळी-पिवळी टॅक्सी म्हणून दशकानुदशकं धावली, आणि मुंबईच्या रस्त्यावरून टॅक्सी म्हणून तिने निरोप घेतला तो थेट ऑक्टोबर २०२३ मध्ये. पॉवर स्टेअरिंग नव्हतं. दादर स्टेशनच्या बाहेर दिवसभर गाडी आत-बाहेर करणाऱ्या टॅक्सीवाल्याच्या मनगटाचा विचार कोणी केला असेल असं वाटत नाही. स्पर्धाच नव्हती, मग विचार कशाला करतील?

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तिलाही पॉवर स्टेअरिंग नव्हतं, पण तिला त्याची फारशी गरजही नव्हती. साडेसहाशे किलोच्या आसपास वजन, बारा इंची बारीक चाकं. एक बोट लावलं तरी वळते, असं लोक कौतुकाने सांगायचे. थोडं जास्तच सांगायचे, पण खोटं नव्हतं. २०१४ मध्ये उत्पादन बंद होईपर्यंत ती तशीच राहिली.

खरी गंमत झाली १९९८ नंतर. सप्टेंबरमध्ये ह्युंदाईची सँट्रो आली आणि डिसेंबरमध्ये आपल्या पिंपरी-चिंचवडची टाटा इंडिका. इंडिकासाठी सुरुवातीलाच एक लाखाहून जास्त लोकांनी पैसे भरून नाव नोंदवलं. डिझेल इंजिन जड, ते पुढे बसवलेलं, म्हणजे पुढच्या चाकांवर वजन आलंच. आता छोटी गाडीसुद्धा ८०० इतकी हलकी राहिली नव्हती. २००० मध्ये ह्युंदाईने सँट्रोचं झिपड्राइव्ह मॉडेल काढलं. त्यातली विकायची मुख्य गोष्ट काय, तर पॉवर स्टेअरिंग. त्याच वर्षी मारुतीची अल्टो आली आणि तिच्या नावांच्या शेपटीत अख्खं अर्थशास्त्र होतं. स्टँडर्ड म्हणजे काहीच नाही, एलएक्स म्हणजे एसी, आणि एलएक्सआय म्हणजे एसी अधिक पॉवर स्टेअरिंग. त्या एका 'आय'साठी लोकांनी घरात बैठका घेतल्यात. जुन्या गाड्यांच्या जाहिरातीत 'एसी, पॉवर स्टेअरिंग' हे शब्द आजही मोठ्या अभिमानाने छापले जातात ते तेव्हापासून.

आणि यामागचं तंत्रही मजेशीर आहे. डेव्हिसच्या पद्धतीत तेलाचा पंप इंजिनच्या पट्ट्यावर सतत फिरतो, तुम्ही वळा किंवा नका वळू. मोठ्या अमेरिकन इंजिनला त्याचं काही वाटत नाही. जपानच्या साडेपाचशे सीसीच्या छोट्या गाडीला मात्र तो पंप म्हणजे पाठीवरचं गाठोडं. म्हणून १९८८ मध्ये सुझुकीने आपल्या सर्व्हो या चिमुकल्या गाडीत तेलाऐवजी विजेची मोटर लावली. वळताना चालते, एरवी गप्प बसते. विजेवरचं पॉवर स्टेअरिंग गाडीत पहिल्यांदा आलं ते असं, श्रीमंतांच्या मोटारीतून खाली झिरपत आलेलं नाही, छोट्या गाडीच्या अडचणीतून आलेलं. आज आपल्या बहुतेक कारमध्ये तेच आहे.

माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला यात एक वेगळाच आनंद आहे. स्टेअरिंगच्या दांड्यावरचा सेन्सर सांगतो की हाताने किती पीळ दिला, गाडीचा वेग दुसरीकडून कळतो, आणि कंट्रोलर ठरवतो की मोटरला किती करंट द्यायचा. पार्किंगमध्ये भरपूर मदत, हायवेला जवळजवळ नाही. म्हणजे 'स्टेअरिंग जड की हलकं' हा आता लोखंडाचा प्रश्न कमी आणि एका तक्त्यातल्या आकड्यांचा प्रश्न जास्त झालाय. हे सॉफ्टवेअर चुकलं तर काय होईल ते सांगायला नको. गाड्यांच्या सुरक्षिततेच्या मानकात याला सगळ्यात कडक वर्ग लागतो तो उगाच नाही. आमच्या शेजारी हिंजवडीत केपीआयटी, टाटा टेक्नॉलॉजीज यांच्यासारख्या कंपन्या गाड्यांसाठीच काम करतात, त्यामुळे चहाच्या टपरीवर हा विषय निघाला की अर्धा तास जातोच.

आता मित्राच्या मूळ प्रश्नाकडे येतो. वाट खडबडीत असेल तर पॉवर स्टेअरिंग लागतं का? याचं उत्तर मुळशीतल्या जुन्या जीपवाल्यांना विचारा. ताम्हिणीच्या बाजूला किंवा कोळवण खोऱ्यात कच्च्या रस्त्यावर जुनी जीप चालवायला शिकवताना पहिली ताकीद असते, अंगठा स्टेअरिंगच्या आत अडकवू नको, बाहेर ठेव. पुढचं चाक दगडावर आपटलं की धक्का उलटा येतो, स्टेअरिंग गर्रकन फिरतं आणि आतल्या दांडीने अंगठा मोडतो. पॉवर स्टेअरिंगमध्ये हा उलटा धक्का बराचसा मधेच गिळला जातो. म्हणजे 'ताकद आहे ना हातात, मग कशाला पाहिजे' हा युक्तिवादच अपुरा आहे. तिथे प्रश्न ताकदीपेक्षा धक्क्याचा आहे, आणि दिवसभर बसणाऱ्या शंभर छोट्या धक्क्यांनी येणाऱ्या थकव्याचा. बर्फातल्या वाटेवर आधीच्या गाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या आणि उंचवटे असतात, तिथेही तेच. म्हणून माझं मत विचाराल तर दिवसभर फिरायचं असेल तर लागतं, गुलमर्गला अर्ध्या तासाच्या राइडसाठी नाही लागत.

बरं, मुळशीत सगळ्यांना स्टेअरिंग तरी कुठे होतं? आंबेमोहोराची छोटी छोटी खाचरं, त्यात ट्रॅक्टर वळवायलाही जागा नाही. चिखलणीला तिथे पॉवर टिलर फिरतो. त्याला स्टेअरिंगच नसतं. मागे चालायचं, ज्या बाजूला वळायचं त्या बाजूच्या हँडलचा क्लच दाबायचा, तिकडच्या चाकाची ओढ सुटते आणि यंत्र वळतं. बांधापाशी पोटरीभर चिखलात उभं राहून ते धूड वळवणं काय असतं, हे एकदा करून बघा, मग स्नोमोबाइलवाल्यांचं भांडण जरा लाडाचं वाटेल. आणि याच खाचरांवर आता इमारतींचा पाया खणणाऱ्या जेसीबीचं स्टेअरिंग पूर्णपणे तेलाच्या दाबावर चालतं. हात आणि चाक यांच्यात लोखंडी दांडाच नाही, मधे फक्त नळ्या.

नव्या मॉडेलचं काय? इथे मी जरा कडू बोलणार आहे. इंडिकाच्या पहिल्या गिऱ्हाइकांनी तक्रारी केल्या आणि २००१ मध्ये व्ही-टू आली, तेव्हा खरंच गाडी सुधारली होती. झिपड्राइव्ह आली तेव्हा गाडी चालवण्याचा अनुभव बदलला. त्याला अपग्रेड म्हणतात. आज सनरूफसाठी वरचं मॉडेल घ्यायचं, सहा महिने कर्जाचा हप्ता भरायचा आणि पुण्याच्या उन्हात ते उघडायचं नाही, याला मी अपग्रेड म्हणत नाही. तुम्ही भांडा माझ्याशी, चालेल.

पण या सगळ्यात ज्यांचं नाव शेवटी येतं, त्यांच्याबद्दल बोलल्याशिवाय थांबता येत नाही. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. त्यानंतर कितीतरी दशकं लाल डब्याला पॉवर स्टेअरिंग नव्हतं. दापोडीच्या कार्यशाळेत एसटी स्वतः बसचे सांगाडे बांधायची, पण चॅसिस यायची ती साध्या स्टेअरिंगची. पन्नास माणसं, टपावर बोचकी, आणि घाटातल्या नागमोडी वळणावर ड्रायव्हर सीटवरून अर्धा उठून दोन्ही हातांनी ते चाक ओढतोय, हे चित्र आपल्या आईवडिलांच्या पिढीने रोज पाहिलंय. त्या ड्रायव्हरच्या खांद्यांची आणि पाठीची नोंद कुठल्या ब्रोशरमध्ये नाही.

आणि तंत्र काही परदेशातच होतं असं नाही. अवजड गाड्यांची स्टेअरिंग यंत्रणा बनवणारी झेडएफ स्टेअरिंग गिअर ही कंपनी १९८१ मध्ये जर्मन सहकार्याने उभी राहिली, तीही पुणे जिल्ह्यातच, शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला. हो, संभाजी महाराजांची समाधी आहे तेच वढू. म्हणजे वस्तू पुण्याच्या अंगणात तयार होत होती, तरी साध्या बसच्या ड्रायव्हरपर्यंत ती पोचायला वेळ लागला. कारण उघड आहे. कार घेणारा आणि चालवणारा एकच असतो, त्याला हात दुखले तर तो पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीकडे जातो. बस घेतं महामंडळ आणि चालवतो ड्रायव्हर. हात दुखणारा आणि चेक फाडणारा वेगळा असला की फीचर बॅकलॉगमध्येच राहतं, डेव्हिसच्या वेळी राहिलं तसंच.

२०२३ मध्ये एसटीच्या नियमित सेवेत पहिल्यांदा महिला चालक रुजू झाल्या. 'बाईला एवढी मोठी गाडी झेपणार नाही' हे वाक्य त्याआधी किती वर्षं ऐकवलं गेलं असेल! त्यातला निम्मा भाग बाईबद्दल नव्हताच, तो त्या जड चाकाबद्दल होता, आणि ते चाक पुरुषांनाही झेपत नव्हतं, फक्त त्यांना तसं म्हणायची सोय नव्हती.

ट्रकवाल्यांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला तो १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या गाड्यांना, आणि तोही बाजाराने दिला नाही, सरकारी अधिसूचना काढावी लागली. अल्टोच्या एलएक्समध्ये एसी २००० सालीच होता.

तुमच्या घरात किंवा नात्यात कोणी एसटी, पीएमटी किंवा ट्रक चालवलेला असेल, तर त्यांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा. पहिल्यांदा पॉवर स्टेअरिंगची गाडी हातात आली तेव्हा काय वाटलं, एवढंच विचारा. पुढच्या भागात ते ऐकू.