पाहुणा, मांडव आणि पाणी

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं गांवोगांवचीं पाहुणेमंडळी आपल्या दारीं येणार. मांडव पडेल, डफ वाजेल, जाखडीचा फेर धरिला जाईल. अशा वेळीं सोहळा कसा चालवावा, हा प्रश्न केवळ व्यवस्थापक मंडळाचा नव्हे. तो सर्व धर्मग्रामस्थांचा आहे. महाड व पोलादपूर या आपल्या प्रांताचा इतिहास या बाबतींत मोठा बोधप्रद आहे. म्हणून त्यांतील कांहीं प्रसंग वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिला प्रसंग रायगडचा. ६ जून १६७४ रोजीं श्रीशिवछत्रपतींस राज्याभिषेक झाला. मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन त्यापूर्वींच पाचाडास येऊन पोहोंचला होता; परंतु महाराज प्रतापगडीं भवानीच्या दर्शनास गेले असल्यामुळें त्याला पायथ्याशीं कांहीं दिवस थांबावें लागलें. पुढें त्याला गडावर नेऊन राहावयास घर दिलें. अभिषेकाच्या सकाळीं दरबारांत त्याचा दुभाषी नारायण शेणवी यानें नजराण्याची आंगठी उंच धरिली. महाराजांची दृष्टि तिकडे जातांच त्यांनीं वकिलास सिंहासनाजवळ बोलाविलें. द्वाराशीं दोन लहान हत्ती उभे होते. इतक्या अवघड वाटेनें हीं जनावरें वर आलीं कशीं, याचें ऑक्झिंडेनास मोठें नवल वाटलें. पाहुण्यांचें अन्न, सरपण व सामान त्याच वाटेनें वर चढविणारे हात मात्र इतिहासांत नांवानिशीं उरले नाहींत.

एकाची आठवण तेवढी राहिली आहे. या इंग्रजांस बकऱ्याचें मांस पुरविणारा एक म्हातारा खाटीक, एवढें मांस खाणारीं माणसें आहेत तरी कशीं हें पाहावयास गड चढून वर आला, असें डॉ. जॉन फ्रायर यानें १६९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनांत लिहिलें आहे. वाचून हंसू येतें. पण त्या म्हाताऱ्याच्या कष्टावांचून वकिलाचें ताट रिकामें राहिलें असतें.

पोलादपूरजवळील उमरठ हें तानाजी मालुसऱ्यांचें गांव. मुलाच्या लग्नाचें आमंत्रण द्यावयास गेलेले तानाजी कोंढाण्याची कामगिरी घेऊन निघाले, ही कथा शाहीर तुळसीदासाच्या पोवाड्यानें घरोघर नेली. ॲकवर्थ व शाळिग्राम यांनीं १८९१ सालीं पोवाड्यांचा संग्रह छापिला. तत्पूर्वीं हें धन शाहीर, झीलकरी व श्रोते यांनीं मिळून मांडवामांडवांतून जतन केलें. आपल्या धर्माचेंही असेंच आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचें १६१६ सालीं राचोल येथें छापिलेलें ख्रिस्तपुराण ओवीबद्ध असून गोमंतकांतील ख्रिस्तमंदिरांतून तें भाविकांपुढें वाचलें जाई. करमणूक व उपदेश यांचें वैर नाहीं.

शेवटचा प्रसंग महाड शहराचा, आणि तो कष्टाचा आहे. १९ व २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालीं येथें परिषद भरली. चवदार तळें सर्वांस खुलें करण्याचा ठराव नगरपालिकेनें १९२४ सालींच केला होता. तरी परिषदेस आलेल्या मंडळींसाठीं चाळीस रुपयांचें पाणी विकत घ्यावें लागलें. दुसऱ्या दिवशीं मंडळी तळ्यावर जाऊन पाणी प्याली. त्यानंतर मांडवांत जेवणाऱ्या पाहुण्यांवर जमाव चालून आला व शिजलेलें अन्न मातींत मिळालें. डिसेंबरांत पुन्हां परिषद भरली, तेव्हां मांडवास जागा मिळेना. अखेर फत्तेखान या मुसलमान गृहस्थानें आपली जागा दिली. ज्या गांवानें पाहुण्यांस पाणी नाकारिलें, त्याच गांवांत एकानें आपलें अंगण मोकळें केलें. या दोहोंपैकीं कोणाचे वारस व्हावयाचें, हें आपलें आपणच ठरवावयाचें आहे.

हें आम्ही दुसऱ्यांस शिकविण्यासाठींच सांगतों, असें नव्हे. आमच्या तरुणपणीं एका सणाच्या रात्रीं आमचीं भाषणें लांबलीं. दुरून चालत आलेले जाखडीचे गडी मध्यरात्रीपर्यंत उपाशी ताटकळले, आणि वाढणाऱ्या मुलींस शेवटीं भातही उरला नाहीं. पाहुण्यांनीं आमची वाहवा केली. परंतु त्या रात्रीची रुखरुख अद्याप गेलेली नाहीं.

म्हणून या ज्युबिलीस भाषणें थोडीं असावींत. कलावंतांस खेळापूर्वीं जेवावयास मिळावें. पाण्याचा हंडा सर्वांच्या हाताशीं असावा. आणि सोन्याची आंगठी घालून येणाऱ्यास पुढची जागा व फाटक्या वस्त्रांच्या माणसास मागची, हा भेद संत याकोबानें निषिद्ध ठरविला आहे, याचें स्मरण असावें. गालीलांतील काना येथील लग्नांत उत्तम द्राक्षारस कोठून आला, हें भोजनकारभाऱ्यास कळलें नाहीं. ज्यांनीं पाणी काढिलें, त्या चाकरांस मात्र तें ठाऊक होतें. आपल्या मांडवांतही प्रभूचें येणें पाणी वाहणाऱ्यांसच प्रथम कळो, हीच आमची प्रार्थना.