ब्लास्टिंगमधली वाळू गेली कुठे?

तंत्रज्ञानाच्या इतिहासावर काम करायचं म्हटलं की आपण बहुतेक सगळे आधी यंत्राकडे धावतो. यंत्र कुणी शोधलं, कधी शोधलं, आपल्याकडे कधी आलं. तुम्ही प्रपोजल लिहायला बसाल तेव्हा तुम्हालाही हाच मोह होईल. या लेखात मी यंत्र थोडं बाजूला ठेवून एका पदार्थाचा माग काढणार आहे. पदार्थ अगदी साधा, वाळू. जागा आपल्या ओळखीची, कोल्हापूरच्या फाउंड्र्या.

फाउंड्री कधी आतून पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल–हातकणंगले या पट्ट्यात मिळून सुमारे तीनशे फाउंड्र्या आहेत. ऊस, गुऱ्हाळं आणि नदीचं पाणी उपसणारी ऑइल इंजिनं ही या धंद्याची मुळं. इंजिन बंद पडलं की दुरुस्ती, दुरुस्तीसाठी सुटे भाग, सुटे भाग ओतता यायला लागले की मग बाहेरच्या ऑर्डरी, आणि पुढे वाहन उद्योगाची कास्टिंग. साचा वाळूचा असतो: सिलिका वाळू, बेंटोनाइट माती, थोडी कोळशाची पूड आणि पाणी. त्यात साधारण 1400 अंश सेल्सिअसचं लोखंड ओततात. लोखंड थंड झाल्यावर साचा फोडतात, पण वाळू सगळी सुटत नाही. पृष्ठभागावर ती भाजून, चिकटून बसते. ती काढणं हे फेटलिंगचं काम. आधी छन्नी-हातोडा आणि तारेचा ब्रश, मग फिरता पिंप, आणि आज बहुतेक ठिकाणी शॉट ब्लास्टिंग, म्हणजे पोलादाचे बारीक छर्रे वेगाने कास्टिंगवर मारणं.

पण 'ब्लास्टिंग' सुरू झालं तेव्हा मारा छर्ऱ्यांचा नव्हता. वाळू काढायला वाळूच मारायचे.

फिलाडेल्फियाच्या बेंजामिन च्यू टिल्घमन यांना 18 ऑक्टोबर 1870 रोजी अमेरिकेत पेटंट मिळालं, क्रमांक 108408. हे गृहस्थ अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात अधिकारी होते. लाकडापासून कागदाचा लगदा करायची सल्फाइट पद्धतही त्यांच्याच नावावर आहे. वाळवंटातल्या वाऱ्याने खिडक्यांच्या काचा धूसर झालेल्या पाहून त्यांना ही कल्पना सुचली, अशी गोष्ट जागोजागी सांगितली जाते. अशा गोष्टी वाचताना जरा थांबत जा. शोध लावणारा माणूस, निसर्गातलं दृश्य आणि एकदम पेटलेला दिवा, ही जुळणी इतकी गोड असते की तिच्यावर संशय घ्यायलाच हवा. त्यापेक्षा पेटंटचा मजकूर वाचा, त्यात जास्त माल आहे. दगड, धातू, काच कापणं, कोरणं, साफ करणं, यासाठी वाळूला वेग द्यायचा, आणि तो वेग वाफेच्या, हवेच्या किंवा पाण्याच्या झोताने देता येतो, असं त्यांनी मांडलं आहे. वाफ, हवा, पाणी. हे तीन शब्द लक्षात ठेवा, पुढे लागतील. इंग्लंडमध्ये त्यांच्या नावाची कंपनीच निघाली आणि मँचेस्टरजवळच्या ब्रॉडहीथला तिचा कारखाना उभा राहिला. फाउंड्रीवाल्यांना हे तंत्र आवडणारच होतं. हातोड्याने दिवसभर ठोकायचं काम नळीने काही मिनिटांत होऊ लागलं.

आता थोडं विज्ञान, कारण त्याशिवाय पुढचा इतिहास कळत नाही. क्वार्ट्‌झ म्हणजे स्फटिकरूप सिलिका कठीण असते, पण ठिसूळही. पोलादाचा छर्रा कास्टिंगवर आपटून परत येतो आणि शेकडो वेळा वापरता येतो. वाळूचा कण पहिल्याच टकरीत फुटतो. त्याचे जे अगदी बारीक तुकडे होतात, पाचेक मायक्रॉन किंवा त्याहून लहान (आपला केस साधारण 70 मायक्रॉनचा), ते नाकात-घशात अडकत नाहीत. ते थेट फुफ्फुसाच्या वायुकोशांपर्यंत जातात. तिथल्या भक्षक पेशी कण गिळतात, तो पचत नाही, पेशीच मरते, कण पुन्हा मोकळा होतो आणि दुसरी पेशी त्याला गिळते. या चक्रात फुफ्फुसात व्रणाच्या गाठी तयार होत जातात. हा सिलिकोसिस. खाणीत किंवा फाउंड्रीत तो दिसायला सहसा दहा-वीस वर्षं लागतात. सँडब्लास्टिंग करणाऱ्यांमध्ये मात्र तो काही वर्षांत, कधी काही महिन्यांतही उभा राहतो, कारण धूळ प्रचंड असते आणि कण ताजे फुटलेले असतात. सिलिकोसिस झालेल्याला क्षयही लवकर गाठतो. त्यामुळे आपल्यासारख्या क्षयाचं प्रमाण जास्त असलेल्या देशात रोग्याच्या कागदावर 'टीबी' एवढंच लिहिलं जाण्याची शक्यता मोठी. आकडेवारी वाचताना हे डोक्यात असू द्या.

ब्रिटनमध्ये ही गोष्ट कारखाना निरीक्षकांच्या लक्षात आली होती. ई. आर. ए. मेरेवेदर यांचा 1930 चा ॲस्बेस्टॉसवरचा अहवाल प्रसिद्ध आहे. त्यांनीच 1936 मध्ये सँडब्लास्टिंग करणाऱ्यांच्या सिलिकोसिसवर लिहिलं. त्यानंतर 13 वर्षांनी, 1949 मध्ये, ब्रिटनने कास्टिंगच्या ब्लास्टिंगसाठी खास नियम केले आणि मुक्त सिलिका असलेली वाळू त्या कामातून हद्दपार केली.

1949 हे साल आपल्यासाठीही महत्त्वाचं आहे, आणि इथे मला तारखांचा योगायोग फार आवडतो. 1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. 1 एप्रिल 1949 रोजी कारखाने अधिनियम, 1948 लागू झाला. दोन्हींत बरोबर एक महिना. ब्रिटिश हिंदुस्तानचे कायदे संस्थानी मुलखात आपोआप लागू होत नसत. म्हणजे कोल्हापूरचा फाउंड्री कामगार एका महिन्याच्या आत संस्थानच्या प्रजेतून प्रांताच्या कायद्याखाली आणि तिथून देशभराच्या नव्या कारखाना कायद्याखाली आला. स्थानिक इतिहासात विलीनीकरण म्हटलं की राजवाडा, प्रजा परिषद, दिल्ली यांचीच चर्चा होते. कामगाराच्या अंगाने हीच तारीख वेगळी दिसते.

या कायद्याचं कलम 87 राज्य सरकारला धोकादायक कामांसाठी वेगळे नियम करायचा अधिकार देत असे. कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत सिलिकोसिसचं नाव होतं, आणि तिथल्या रोगाचा रुग्ण आढळला तर डॉक्टरने मुख्य निरीक्षकाला कळवायचं असं कलम 89 सांगत असे. पुढे मुंबईचे 1950 चे आणि महाराष्ट्राचे 1963 चे नियम आले. केंद्राच्या नमुना कारखाना नियमांत ब्लास्टिंगसाठी वेगळं परिशिष्टच आहे: वाळू किंवा मुक्त सिलिका असलेला कोणताही पदार्थ माऱ्यासाठी वापरायचा नाही, काम बंदिस्त खोलीतच करायचं, आत जाणाऱ्याला स्वच्छ हवा पुरवणारं शिरस्त्राण द्यायचं, इत्यादी. ब्रिटिश नियमांचा ठसा यावर स्पष्ट दिसतो.

आता या परिशिष्टाचं शीर्षक नीट वाचा. वाळू, धातूचे छर्रे, ग्रिट वगैरेंचा झोत, आणि तो कशाने फेकलेला? दाबाखालच्या हवेने किंवा वाफेने. टिल्घमनच्या तीन शब्दांपैकी दोन इथे जसेच्या तसे आले आहेत, पाणी गळालं आहे. आणि तोवर चौथा प्रकार बाजारात आलेलाच होता. 1930 च्या दशकात अमेरिकेत, इंडियानामधल्या मिशावाका इथे, हवेविना चालणारं ब्लास्ट व्हील व्यापारी रूपात आलं. वेगाने फिरणाऱ्या चाकाच्या मध्यावर छर्रे सोडायचे, पाती त्यांना बाहेर भिरकावतात. आपली गोफणच म्हणा ना. हवा दाबण्यात वीज फार वाया जाते, ती इथे वाचते. शिवाय नळी धरून उभा राहणारा माणूसच लागत नाही, कास्टिंग बंद पेटीत फिरत राहतं. आज शिरोलीत जे शॉट ब्लास्टिंग मशीन दिसतं ते बहुधा याच घराण्यातलं. म्हणजे नियमाच्या शीर्षकातले शब्द 1870 च्या तंत्राचे, आणि शॉपमधलं यंत्र 1930 च्या तंत्राचं. अर्थात धूळ कुठल्याही यंत्राने उडाली तरी त्या कायद्याचं कलम 14 होतंच. पण नियम लिहिला जातो तेव्हा त्या काळचं यंत्र त्यात गोठून बसतं, हे अशा मजकुरातून फार सुरेख दिसतं.

मग वाळू गेली का? नळीतून गेली. चाकाच्या यंत्राला वाळू परवडतच नाही. छर्ऱ्यांत थोडी वाळू मिसळली तरी पाती भराभर झिजतात. म्हणून प्रत्येक मशीनमध्ये सेपरेटर असतो. परत आलेल्या छर्ऱ्यांचा पातळ पडदा खाली पडतो, त्यातून हवा ओढली जाते, हलकी वाळू आणि धूळ बाजूला होते, जड छर्रे पुन्हा चाकाकडे जातात.

पण बाजूला होणारी ही वाळू आली कुठून? कास्टिंगवरून. साच्याची वाळूच चिकटून आत येते. म्हणजे मारा पोलादाचा असला तरी फुटते ती वाळूच, आणि सिलिकाची धूळ तयार होतेच. बंदी आली ती माऱ्याच्या वाळूवर. साच्याच्या वाळूवर बंदी घालता येत नाही, तिच्याशिवाय फाउंड्री नाही. ती धूळ अडवायचं सगळं काम मशीनला जोडलेल्या डस्ट कलेक्टरवर, त्याच्या कापडी पिशव्यांवर येऊन पडतं. इथे माझं मत स्पष्टच सांगतो. सेपरेटर बिघडला तर पाती झिजतात, खर्च मालकाच्या वहीत दुसऱ्या महिन्यात दिसतो. पिशवी फाटली तर खर्च कामगाराच्या एक्स-रेमध्ये दहा वर्षांनी दिसतो. दोन्ही एकाच मशीनचे भाग, पण एकाची देखभाल आपोआप होते आणि दुसऱ्यासाठी निरीक्षक लागतो.

मौखिक इतिहास गोळा करणार असाल तर एक सूचना. 'सँडब्लास्टिंग' हा शब्द वाळू गेल्यावरही टिकून आहे. पाटीवर सँडब्लास्टिंग लिहिलेलं असतं आणि आत मारा ग्रिटचा चालतो. त्यामुळे एखादे जुने कामगार काका "मी सँडब्लास्टिंगला होतो" म्हणाले तर तिथेच थांबू नका. पुढचे प्रश्न विचारा: पोत्यात काय यायचं? एकदा मारलेला माल परत वापरायचा की टाकून द्यायचा? टोपीला हवेची नळी होती की तोंडाला रुमाल? परत न वापरता टाकून द्यायचे म्हणाले तर ती बहुधा खरंच वाळू होती. हवेच्या कॉम्प्रेसरवर चालणारं, रंगकामाआधीचं उघड्यावरचं ब्लास्टिंग आणि फाउंड्रीतलं फेटलिंग यांचीही गल्लत करू नका. पहिल्यात पृष्ठभागावर रंग धरायला खरखरीतपणा हवा असतो, दुसऱ्यात फक्त सफाई. धोक्याचं स्वरूपही दोन्हींत वेगळं.

'सगळ्यांना कळलं होतं, म्हणून बंद झालं' असं मात्र लिहू नका. ज्ञान तेच असूनही कायदे वेगवेगळे निघाले. अमेरिकेच्या एनआयओएसएच या संस्थेने 1974 मध्ये ब्लास्टिंगसाठी वाळू बंद करावी अशी शिफारस केली, पण ब्रिटनसारखी सरसकट बंदी तिथे आली नाही. आणि तुर्कस्तानची गोष्ट तर सुन्न करणारी आहे. जीन्सला जुनाट, विटका रंग आणायला तिथल्या छोट्या वर्कशॉपमध्ये कापडावर वाळूचा मारा सुरू झाला. फाउंड्रीने अर्ध्या शतकापूर्वी सोडलेली वाळू कापड उद्योगात शिरली. 2000 च्या दशकात तिथल्या डॉक्टरांना विशी-तिशीतल्या मुलांत सिलिकोसिस दिसू लागला आणि 2009 मध्ये तुर्कस्तानने कापडावरच्या या कामाला बंदी घातली. नियम उद्योगापुरता लिहिलेला असतो. वाळूला उद्योगाच्या भिंती नसतात.

आता गळालेला शब्द, पाणी. ओली धूळ उडत नाही, मग फाउंड्र्यांनी पाण्याचाच झोत का नाही घेतला? प्रयत्न झाले, दाबाखालच्या पाण्याने कोअर फोडणं आणि कास्टिंग धुणं परदेशात बऱ्याच जुन्या काळापासून आहे. पण आपलं कास्टिंग बहुतेक ग्रे आयर्नचं, ते ओलं झालं की तासाभरात तांबूस होतं. वाळूचा गाळ होतो, तो गाळायचा, वाळवायचा, कुठेतरी टाकायचा. वाळला की पुन्हा धूळच. शिवाय मैला-सांडपाण्यावरून पंचगंगेचं काय चाललंय ते कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. म्हणून पाण्याचा झोत इथे दुसऱ्या कामांत शिरला. साखर कारखान्यात हंगाम संपल्यावर बाष्पीभवनाच्या नळ्यांत बसलेला थर उच्च दाबाच्या पाण्याने काढतात. 1979 नंतर अमेरिकेत मोहम्मद हशीश यांनी पाण्याच्या झोतात गार्नेटची पूड मिसळून धातू कापायचं तंत्र बसवलं. सुमारे 4000 बार दाबाचा तो झोत आज जॉब शॉपमध्ये पोलादाच्या जाड प्लेटी कापतो. पाण्यात मिसळलेल्या कठीण कणांचा झोत म्हणजे टिल्घमनच्या पेटंटमधलाच तिसरा पर्याय, फक्त शंभर वर्षं उशिरा आणि वाळूऐवजी गार्नेट घेऊन.

या विषयावर फील्डवर्कला शिरोलीत गेलात तर मशीनच्या फोटोवर समाधान मानू नका. मागच्या बाजूला जा, डस्ट कलेक्टर बघा. पिशव्यांच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक दाखवणारं मीटर चालू आहे का, खालच्या डब्यातली पूड किती दिवसांनी काढतात, आणि ती काढतो कोण, हे विचारा. तो माणूस बहुधा कंत्राटी असतो आणि मशीनच्या लॉगबुकात त्याचं नाव नसतं.