छायाचित्रात न दिसणारा दरवाजा

पेठ वडगावहून निघून, गगनबावड्याचा घाट उतरून, कोकणकिनाऱ्याची छायाचित्रे घेण्यास जाणारा प्रवासी मालवणास पोहोचला म्हणजे त्याची दृष्टी प्रथम सिंधुदुर्गावर खिळते. फेसाळणाऱ्या लाटा, पाण्यातून डोके वर काढणारे काळे खडक आणि त्यांमागे कुरटे बेटावरील अखंड तट, हे दृश्य टिपण्याजोगेच आहे. परंतु त्या चित्रात किल्ल्याचा दरवाजा कोठेच सापडत नाही. तटाच्या वळणात तो असा दडविला आहे की, नाव समीप गेल्यावाचून दिसू नये.

इ. स. १६६४ मध्ये शिवछत्रपतींनी या दुर्गाचे काम आरंभिले. वाट न जाणणाऱ्या गलबतास हे खडक घातक होते. आज ज्यांस आपण रमणीय म्हणतो, ती त्या काळी संरक्षणाची पहिली फळी होती.

पुढे हा दुर्ग करवीर राज्याकडे आला. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो जिंकून त्यास ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले. पण लवकरच, जिजाबाईंच्या कारकिर्दीत, तहान्वये तो परत मिळाला. १८१२ च्या तहाने मात्र मालवण बंदर व सिंधुदुर्ग इंग्रजांकडे गेले. वडगावची पेठ ज्या करवीर राज्यात होती, त्याचा मालवणच्या समुद्राशी संबंध असा तुटला.

म्हणून वडगावकराने किनाऱ्यावरून चित्र अवश्य घ्यावे. परंतु नंतर नावेत बसून त्या दडलेल्या दरवाजापर्यंतही जावे. आपल्या राज्याने काय राखले व काय गमावले, हे तेथेच उमगते.